दोन पात्यांची गाडी

"पाण्याला भोक पाडायचं, सरकार?"

"बर्फाला."

"बर्फ म्हणजे पाणीच की."

"गोठलेलं. दगडासारखं. वर माणूस उभा राहतो."

"आणि भोक पाडायचं कशानं?"

"गिरमिटानं."

मानाजी सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यानं सागाला, शिसवीला, एकदा तर मेलेल्या हत्तीच्या दाताला भोकं पाडली होती. पाण्यावर पाळी आली नव्हती.

समोर उभे होते सरदार प्रतापराव. देवासच्या थोरल्या पातीतले. आता देवासचं राज्य म्हणजे दोन भावांनी वाटून घेतलेली भाकरी, हे कुणाला सांगायला नको. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती, मधून रस्ता. रस्त्याच्या मधोमध कुणी शिंकला तर नाक एका राज्यात आणि शिंक दुसऱ्यात. प्रतापरावांचा वाडा रस्त्याच्या अलीकडं, त्यांचे चुलतभाऊ उदाजीराव पलीकडं. दोघांना इंदूरच्या एका मेजवानीत कुणी थंड मुलखातला साहेब भेटला होता. आमच्याकडं हिवाळ्यात तळ्याला भोक पाडून गळ टाकतात, म्हणाला. झालं. येत्या पौषात काश्मिरात जाऊन असेच मासे धरायचे, असं भावांनी तिथल्या तिथं ठरवलं. जन्मल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"सामान ओढून न्यायला गाडी हवी," प्रतापराव म्हणाले. "गळ, जाळी, शेगडी, घोंगड्या, सगळं तिच्यावर. चाकं नाहीत. खाली लोखंडी पाती."

"किती?"

"दोन."

हे 'दोन पाती' पलीकडं उदाजीरावांच्या कानावर गेलं आणि गाडी तयार व्हायच्या आधीच तिला दृष्ट लागली. दोन पाती? मग एक त्यांची आणि एक आमची. आमची आम्ही करवून आणू.

मानाजीनं मात्र तेव्हाच सरदारांचे पाय धरले. "सरकार, मजुरी राहू द्या. मला संगती न्या. तिथं गाडी ढिली झाली तर कोण ठोकणार?" मग थोडं थांबून खरं ते बोलला. "डोळ्यांत पडदा उतरलाय. वैद्य म्हणतात, पुढच्या दिवाळीला उजेड-अंधार तेवढा कळेल. आजवर केलेलं सगळं कोनाड्यात जाऊन बसलं. पालखी केली, तर सरकारांनी मोटार घेतली. हौदा केला, तर हत्ती मेला. एक तरी जिन्नस आपल्या जागी चालताना बघतो."

"गाडी नीट चालली तर तू बरोबर," प्रतापराव म्हणाले. "शब्द दिला."

जमुनाबाईनं, म्हणजे मानाजीच्या बायकोनं, हे ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला पौषात अंगणात नीट उभं राहवत नाही. दात वाजतात तर शेजारीण विचारते, ताशा कोण वाजवतंय."

"बर्फावर उभं राहायचं तर दात वाजणारच गं."

"आणि घसरलात म्हणजे?"

"घसरायलाच तर चाललोय."

तिनं त्याच संध्याकाळी जुन्या घोंगडीचं अंगरख्याला अस्तर लावायला घेतलं.

पाती आली. थोरल्या घरचं पातं उमाशंकर लोहारानं घडवलं होतं, आणि ते मापापेक्षा चार बोटं लांब होतं. थोरल्याचं लांबच असणार, असा हुकूम. उदाजीरावांनी आपलं पातं सासुरवाडीहून, धार गावाहून करवून आणलं. पात्याला धार हवी तर ती धारेचीच, असं त्यांचं म्हणणं. ते थोरल्यांच्या पात्यापेक्षा चार बोटं आखूड होतं म्हणून वचपा काढायला दोन बोटं उंच केलेलं, आणि खालून असं परजलेलं की गाठोडं सोडताना मानाजीचा अंगठा कापला.

उमाशंकर बघून हसला आणि आपल्या माळवीत म्हणाला, "दादा, या कई बणई? लंगडी बकरी हे या तो!"

"बकरी चालवायची जिम्मेदारी माझी, भिया. तू फक्त धार मोड."

"नी मोडूँ. उदाजीराव म्हारी गर्दन मोडेगा."

मानाजीनं दोन महिने घातले. लांब पात्याचं नाक वर वळवून घेतलं, म्हणजे मोजलं तर लांब आणि टेकलं तर बरोबर. उंच पात्यावरची बैठक आतून कोरली. धारेच्या पात्याची धार रोज थोडी थोडी, कुणाला दिसणार नाही अशी, कानशीनं मारली. लाकूड जुन्या हौद्याचं घेतलं, वाळून खणखणीत झालेलं. कधी न पाहिलेल्या जमिनीवर चालणारी गाडी तो करत होता. तिळाचं तेल फासलेल्या फरशीवर एक फळी ढकलून बघायचा आणि डोळे बारीक करून विचारायचा, "इतकं घसरत असेल का गं?"

"मला काय विचारता? मी काय हिमालयात नांदले?"

मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी, गाडी मिठ्या तलावावर नेली. तिथल्या उतरत्या फरसबंदीवर शेवाळ असं की बेडूकही धरून धरून चालावा. वर तीन मण सामान बांधलं. दोघे सरदार दोन बाजूंना उभे. मानाजीनं दोर सोडला.

गाडी सुटली. ना डगमगली, ना कलली. लोण्यातून सुरी जावी तशी सरळ उतरली, आणि बघायला जमलेलं अर्धं देवास तोंडाचा आ करून राहिलं. मानाजीला सरकतं तपकिरी काहीतरी दिसलं, बाकी धुकं. पण आवाज त्यानं ऐकला. दोन लोखंडं एकाच सुरात जात होती.

काठाशी एक दगड वर आला होता. गाडी त्याला लागली आणि थांबता थांबता तिचं तोंड उजवीकडं वळलं. उजवीकडं धाकट्या पातीची हद्द.

"बघितलंत!" उदाजीराव म्हणाले. "मुकं लाकूड, पण त्याला कळतं कुणाकडं जायचं."

एवढं पुरलं. प्रतापराव लाल झाले. सुतार फितूर झाला म्हणाले. मग धारेच्या सासुरवाडीचा उद्धार झाला, मग दोघांच्या आज्यांचा, मग पन्नास वर्षांपूर्वीच्या एका आंब्याच्या झाडाचा. दुपारपर्यंत काश्मीर मोडलं. उरली गाडी.

"सरकार," मानाजी म्हणाला, "सरळ चालली ना? शब्द..."

"कुठं न्यायचं तुला? कोण चाललंय?" प्रतापराव म्हणाले. "वाटणी कर. ज्याचं पातं त्याची बाजू. मधोमध काप."

"कापली तर गाडी नाही राहायची."

"न राहो."

उदाजीरावांनी मान डोलावली, पण मग त्यांना शंका आली. करवत चालली की ती लाकूड खाते. खाल्लेलं लाकूड कुणाच्या बाजूचं? रेघ तिकडं सरकवा, असं दोघंही म्हणू लागले. कारभारी बोलावले, माप आणलं, गेरूत भिजवलेला दोरा तीनदा ताणला आणि तीनदा पुसला.

शेवटी मानाजी उठला. "करवत खाईल ते माझं," म्हणाला.

हे मात्र दोघांनाही पटलं.

रेघ त्याला दिसत नव्हती. डाव्या हाताचा अंगठा लाकडावर टेकवून, नखाच्या आधारानं त्यानं करवत चालवली. कुणी मदतीला पुढं झालं तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. उन्हं कलायच्या आत गाडीचे दोन भाग दोन बाजूंना पडले. उदाजीरावांनी वखारीतला काटा आणवला. दोन पारडी, म्हणतात, माशी बसली तरी हलली असती, अशी समसमान राहिली. लोक वाहवा करत होते तेव्हा मानाजी उकिडवा बसून जमिनीवरचा भुसा चाचपून चाचपून उपरण्यात गोळा करत होता.

घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. जमुनाबाई ओल्या काटक्यांशी झगडत होती.

"काय आणलंत ते?"

"काश्मीर."

तिनं उपरणं सोडलं, ओंजळभर भुसा घेतला आणि चुलीत टाकला. मग दुसरी ओंजळ. मग उरलेला भुसा उपरणं झटकून टाकला.

मानाजी चुलीपाशी येऊन बसला.

"पेटला का गं?"

जमुनाबाईनं चुलीत वाकून पाहिलं. बारीक भुसा तो. एकदा फुरफुरून केव्हाच राख झाला होता, काटक्या तशाच काळ्या.

"पेटलाय," ती म्हणाली.

मानाजीनं दोन्ही हात पुढं केले आणि तसेच धरून ठेवले.