सुखदेवचं वेल्डिंग

स्वतःच्या कामाला स्वतःच्या तोंडाने शिव्या घालायची वेळ तुमच्यावर आली आहे का? माझ्यावर आली. तीही रविवारी, सुट्टीच्या दिवशी, फुकटात.

माझं गॅरेज कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. शेजारी दिवसभर तांबं ठोकत असतात, त्यामुळे माझ्या ग्राइंडरबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही. दारावर मी लिहून ठेवलंय, ‘गाडीला काय झालंय ते आम्ही सांगू. तुम्ही सांगू नये.’ लोक तरी सांगतातच.

सौरभने मात्र पहिल्या दिवशी गाडीला काय झालंय ते सांगितलं नव्हतं. हिंजवडीतला आयटीवाला पोरगा, लाल रंगाची जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, हिला रेसिंगची करायची आहे. ट्रॅकवर पळवायची.” मी म्हटलं, वेड लागलंय का? आणि मग मलाच लागलं. दोन वर्षांचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. मागची सीट काढली, शेजारची काढली, एसी काढला, गालिचे काढले. गाडी उलटली तर चालवणारा वाचावा म्हणून आत जाड पाईपांचा पिंजरा बसवला. त्याचा एकेक सांधा मी स्वतः जोडला, मदतीलासुद्धा कुणाला हात लावू दिला नाही. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ती तिसरी आली तेव्हा मी कठड्याला धरून रडलो होतो. लाज कसली त्यात? रडलो.

तर २००८च्या एप्रिलमध्ये सौरभला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. अठ्ठावीस तारखेचं विमान. गाडी विकायला काढली. मी विचारलं, “आणि नाहीच गेली तर?”

“नाही गेली तर तुमच्याकडेच ठेवा, दादा. तुम्हीच बघा काय करायचं ते.”

झालं. त्या दिवसापासून मी देवळात जात नसलो तरी मनातल्या मनात एकच मागणं मागत होतो की कुणी येऊ नये. तसं यायचं कारणही नव्हतं. लिटरला चार किलोमीटर जाणारी, एकच माणूस बसणारी, उन्हात भट्टी होणारी गाडी पुण्यात घेणार कोण? इथे माणूस शंभर ग्रॅम चिवडा घ्यायच्या आधी दोनदा चव बघतो.

पंचवीस तारखेला सौरभचा फोन आला की एक पार्टी रविवारी बघायला येतेय. अर्ध्या तासाने दुसरा फोन, लोणी काळभोरहून, रावसाहेबांचा.

“सुखदेव, रविवारी मोकळा हाईस का? एक लाल गाडी बघायची हाय बाणेरला. तू संगं चल, आत काय भानगड असली तर सांग.”

रावसाहेब म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दोन ट्रॅक्टर, एक जीप, एक ट्रक, ऊस वाहायच्या ट्रॉल्या, सगळं माझ्याकडे. शेतातला एक तुकडा एका कॉलेजने विकत घेतला आणि त्यांच्या हाती पैसा खुळखुळायला लागला. मी विचारलं, गाडी कशाला?

“पोराचं, संतोषचं लगीन हाय सोळा मेला. वरात लाल गाडीतनं काढायची. आत दोन चांगल्या सीटा टाक, टेप टाक, भोंगा टाक, झालं.”

भोंगा! माझ्या गाडीला! आणि पिंजरा? पिंजऱ्याला ते फुलांच्या माळा बांधणार होते की काय?

मी घरी सांगितलं तर प्रेमला, माझी बायको, म्हणाली, “सरळ सांगून टाका की गाडी तुम्हीच केलीय. रोज पंचशील म्हणता ना? खोटं बोलू नये, हे चौथं.”

“मी खोटं कुठे बोलणार आहे? फक्त गाडीचे दोष सांगणार आहे.”

“दोष आहेत का?”

“शोधले की सापडतात,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी रावसाहेबांच्या जीपमधून बाणेरला, सौरभच्या सोसायटीत उतरलो. मला बघून सौरभने आ वासला. मी हळूच डोळा मारला. त्याला वाटलं, दादा आपली गाडी खपवायला आलेत. बिचारा खूश होऊन गालातल्या गालात हसायला लागला, आणि अनोळखी असल्यासारखं म्हणाला, “या, या. आपण मेकॅनिक वाटतं?”

आवरण काढलं. तीन आठवडे उभी होती तरी काय दिसत होती! रावसाहेबांनी आत डोकं घातलं.

“एकच खुर्ची? मग नवरी काय टपावर बसणार?”

“नवरीची सोय नाही हिच्यात,” मी म्हटलं. एवढं खरं होतं.

“अ‍ॅव्हरेज?”

“चार.”

“चार? माझा ट्रक बरा म्हणायचा.”

सौरभचं हसू जरा कमी झालं. मग मी बॉनेट उघडलं, मान हलवली, जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं. डॉक्टरने असं केलं की पेशंट अर्धा मरतो. “इंजिन ऑइल पितंय, रावसाहेब,” मी म्हटलं.

“काय?” सौरभ ओरडला.

“आणि तिसरा गिअर निसटतो. चासी पण वाकलीय. कुठेतरी ठोकलेली दिसतेय.”

“अहो, पण तुम्ही तर…” सौरभ म्हणाला आणि थांबला. अनोळखीपणाचं सोंग आता अंगाशी आलं होतं. त्याचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं, पण थांबवेना.

रावसाहेब शांतपणे विचारते झाले, “कुणी केली ही गाडी?”

सौरभने माझ्याकडे बघितलं. “आहेत एक मेकॅनिक.”

“गाढव दिसतंय. काय रं सुखदेव?”

“गाढवच,” मी म्हटलं. गिळलं ते.

“कामात जीव न्हाई.”

“नाही जीव,” मी म्हटलं. तेही गिळलं.

रावसाहेबांनी पिंजऱ्यावरून हात फिरवला. सांध्यापाशी बोट थांबवलं, परत फिरवलं, वाकून बघितलं. “आणि हे वेल्डिंग! आरं, शेळीच्या लेंड्या पडल्यात ह्या. असलं वेल्डिंग तर आमच्या गोठ्यातबी चालायचं न्हाई. हा माणूस गॅरेजात बसण्यापरीस शेरडं का न्हाई राखत?”

बस्स. माझं डोकंच फिरलं.

“रावसाहेब, वेल्डिंगला नाव ठेवायचं नाही! सांगून ठेवतो! एकावर एक थर कसे बसलेत ते बघा, आहे का कुठे फट? दीडशेच्या वेगाने गाडी उलटली ना, तरी आतला माणूस चहा मागत बाहेर येईल! गोठ्यात म्हणे! दोन वर्षं, दोन वर्षं घातलीयत मी त्यात!”

वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबून बघत होत्या. आणि मग रावसाहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना गाडीला टेकावं लागलं.

“आरं येड्या, आत डोकं घातलं तवाच वळखलं मी. माझ्या ट्रॉलीचा हूक तूच जोडला न्हवं? आठ हंगाम ऊस ओढला, सांधा हलला न्हाई. तुझं वेल्डिंग मी डोळं झाकून हात फिरवून सांगंन. पण खोटं का बोललास?”

मी खाली बघितलं. “जाऊ द्यायची नव्हती मला. सौरभ जातोय, गाडी विकली गेली नसती तर माझ्याकडे राहिली असती. तुम्ही तिला भोंगा लावणार.”

रावसाहेबांनी बॉनेट खाली लावलं. मग सौरभकडे वळले. “तर साहेब, इंजिन ऑइल पितं, गिअर निसटतो, चासी वाकलीय. दोन लाख कमी करा.”

“पण ते सगळं खोटं आहे! आत्ता कबूल केलं त्यांनी!”

“तुमचाच मेकॅनिक बोलला. मी काय बोललो?”

दुसऱ्या दिवशी विमान होतं. सौरभने दीड लाख कमी केले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने होतात?”

“गाडीच्या,” मी म्हटलं. तो हसला नाही. मला ते अजून लागतं.

गाडी माझ्याच गॅरेजमध्ये आली. रावसाहेबांचा हुकूम, पंधरा दिवसांत पिंजरा काढून सीटा टाकायच्या. नाही कसं म्हणणार? आधीच तोंड काळं झालेलं. ग्राइंडर हातात घेतला आणि दोन दिवस नुसता बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी कापायला लागलो. पण सांध्यांना हात लावला नाही. पाईप मधूनच कापले, म्हणजे कधी आतून तुकडा घालून जोडायचे झाले तर जोडता यावेत. चौदा तुकडे झाले. प्रत्येकावर लाल रंगाने आकडा टाकला, माळ्यावर पोत्याखाली ठेवले.

अकरा मेला रावसाहेब गाडी बघायला आले. सीटवर बसून बघितलं, भोंगा वाजवला, खूश झाले. मग त्यांची नजर माळ्याकडे गेली. पोतं एका बाजूने सरकलं होतं.

“ते पाईप भंगारात का न्हाई घातलंस?”

सांगता आलं असतं काहीतरी. एखाद्या जिन्याच्या कठड्याला होतील वगैरे. मागे प्रेमला डबा घेऊन उभी होती.

“नाही घातले,” मी म्हटलं.

“आन्‌ आकडं कशाला टाकलेत?”

“परत जोडायला.”

रावसाहेबांनी खाली उभं राहून एक ते चौदा सगळे आकडे मोजले. भोंगा आणखी एकदा वाजवून बघितला. मग जीपकडे जाता जाता म्हणाले, “वरात सोळाला हाय. सतराला गाडी हितं धाडतो.”

जीप सुरू झाली, चार पावलं गेली, थांबली. खिडकीतून डोकं बाहेर आलं.

“आन्‌ वेल्डिंग पयल्यासारखंच कर. शेळीच्या लेंड्या!”