घुमटीवरची सावली

मित्रांनो, मी एक जुनी घुमटी आहे. बँकॉकच्या कडेला दुरियनच्या एका बागेत, सागवानी खांबावर मी उभी आहे. जागेचा राखणदार माझ्यात राहतो, असे इथली माणसे मानतात. मानोत बापडी!

या बागेची मालकीण प्रयोंगआत्या; तिच्या वडिलांनी मला इथे बसवले. बागेत उंच वाफे, मधून पाण्याचे चर आणि कालव्याकाठी एक म्हातारा दुरियन होता. दुरियन म्हणजे आपल्या फणसाचा काटेरी भाऊबंद. त्याचे पहिले फळ दरसाल माझ्यापुढे येई. आत्याने त्याच झाडाखाली उभा जन्म काढला.

मग तिच्या भाच्याला, थनितला, शहाणपण सुचले. शेजारच्या बागा मोडून इमारती उठल्या होत्या. त्यालाही पुढची अर्धी बाग विकायची होती.

"वीक मेल्या," आत्या म्हणाली, "पण कालव्याकडचं झाड माझं. आणि घराची सावली राखणदारावर पडू देऊ नकोस. निघून जातो तो."

"तू काळजीच करू नकोस गं आत्या!"

विकलेल्या जागेवर इमारत चढू लागली, तसे मला उचलून कालव्याकाठच्या दुरियनखाली नेले. तिथे मला बरे वाटले. पण थनितची अक्कल गुडघ्यात! आत्या देवळात गेलेली पाहून त्याने झाडच आडवे केले.

"अरे, काय केलंस हे?" आत्या किंचाळली.

"राखणदारावर सावली पडत होती ना! रुसला असता तर?"

"घराची सावली बाधते रे, गाढवा! झाडाची कधी कुणाला बाधलीय?"

ती चिखलात बसून ढसाढसा रडली. तो डोके खाजवत उभा राहिला.

वीस मजल्यांची सावली कालव्यापर्यंत पोचणार, एवढेही त्या दीडशहाण्याला उमगले नाही. ती पोचली. आता दुपार कलली की मी काळोखात असते. थनित लाल सरबत ठेवतो, बाजारातला दुरियन ठेवतो आणि वर म्हणतो, "राखणदारबाबा, कृपा असू दे." लाज नाही मेल्याला!

आत्या माझ्याकडे फिरकत नाही. ती रोज त्या तोडलेल्या बुंध्याशी मूठभर भात ठेवते आणि हात जोडते. मला तिचा राग येत नाही. तिला ठाऊक आहे, राखणदार त्या झाडात होता. माझ्यात एक पाल राहते, बस्स.

मित्रांनो, तुमची सरबते तुम्हीच प्या. एक झाड तेवढे उभे ठेवा. त्याच्या सावलीत मी सुखाने कुजेन.