दस्त्यावरचे ओरखडे

मला स्वस्थ बसता येत नाही. रत्ना म्हणते, बायको म्हणून तिनं हे बारा वर्षं सोसलंय. सोसलं असेल. पण गोठ्यातनं कालवड गेली, दुसऱ्या दिवशी मोरीपाशी बिबट्याचा तळहाताएवढा ठसा दिसला, तर माणसानं काय पाय पसरून टीव्ही बघावा?

अवसरी बुद्रुकला रस्त्यालगत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आधी गेट, खिडक्या, ट्रॉलीची कामं करायचो. दोन वर्षांपासून गळ्यातले पट्टे करतो. चामड्याच्या पट्ट्याला बाहेरून टोकदार खिळे आणि मागं बक्कल. बिबट्या गळाच धरतो, म्हणून उसाकडं जाणाऱ्या बायका तो बांधून जातात. निम्म्या गावाच्या गळ्यात माझं काम आहे.

कालवड गेल्यावर मात्र पट्ट्यानं माझं समाधान होईना. घरात वडिलांची रायफल होती, पीक राखायच्या परवान्याची. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. लाकडी दस्ता असा जड, की थोडा वेळ खांद्याला लावली तरी हात भरून यायचा. ती हलकी करायची, असं मी मनावर घेतलं. आणि मी एकदा मनावर घेतलं, की जेवतानाही तेच बोलतो.

पुण्याहून फायबरचा दस्ता आणला. बसेना. मग रायफलीच्या लोखंडाला काजळी लावायची, दस्त्यात ठेवून बघायचं, जिथं काळं लागेल तेवढंच घासायचं, असे आठ दिवस गेले. गिऱ्हाइकांची गेटं तशीच पडून राहिली. मागं रबराची गादी लावली, वर दुर्बीण बसवली. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीमागं आला पाहिजे, म्हणून गादीखालच्या चकत्या काढल्या, घातल्या, परत काढल्या. शंभर वेळा तरी खांद्याला लावली असेल. शेवटी डोळे मिटून उचलावी आणि उघडावेत, तर दुर्बिणीतली नेमाची फुली बरोबर मधोमध. वजन पाऊण किलोनं उतरलं. मी बेहद्द खूष होतो.

"कशाला एवढा उपद्व्याप?" रत्नानं विचारलं.

"हवेत बार काढाया. आवाजानं पळतंय ते."

"अवं, मग हवेत बार काढाया दुर्बीण कशापायी?"

मी दुर्बिणीची काच पुसायला घेतली. बिबट्या मारला तर तुरुंग, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण खरं सांगतो, मला तो मेलेलाच पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी निघालो. धुकं होतं. आईला बजावलं, "आज उसाकडं अजिबात यायचं न्हाई." ती चुलीपुढनं हूं म्हणाली. दारात रत्ना पट्टा घेऊन उभी.

"समद्या गावाला बांधता, तुमचा गळा काय लोखंडाचा हाय?"

वाद घालायला वेळ नव्हता. तिनं बांधला आणि बक्कल आवळलं.

बांधावर बसलो. बसलो कसला, दर दोन मिनिटाला जागा बदलत होतो. तेवढ्यात चाळीस पावलांवर उसाच्या कडेला पाचट वाजलं. पिवळट असं काहीतरी जमिनीलगत पुढं सरकलं, थांबलं, परत सरकलं. रायफल उचलली.

खिळे खाडकन दस्त्यावर आदळले. गाल टेकेना. दुर्बिणीत नुसता काळोख, कडेला नखभर उजेड. मान वाकडी केली, तर खिळे करकरत घासले. शंभर वेळा माप घेतलं होतं, ते सगळं उघड्या गळ्यानं! दोन वर्षं पट्टे करणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? शिवी हासडली, रायफल मांडीवर टाकली आणि मागं हात घालून बक्कल ओढायला लागलो. बोटं गारठलेली. आणि झटापटीत सुटू नये म्हणून ते बक्कल मीच घट्ट बनवलेलं.

समोरचं पिवळं उभं राहिलं. कमरेवर हात ठेवून सरळ झालं. ती आई होती. अंगावर मातकट पिवळी शाल, गळ्यात मी केलेला पट्टा, हातात विळा. पायाशी गुरांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा केलेलं.

"सोपान! आरं, भारा उचलू लाग की."

कसाबसा उठलो, काडतूस काढून खिशात टाकलं आणि तिच्यावरच ओरडलो, "येऊ नगं म्हनलं व्हतं ना तुला!"

"आठ दिस भ्यावानं वाढं न्हाई आनलं, गाय वाळली. आज तू बंदूक घेऊन बसलास म्हनून तर आले. आज कसलं भ्याव?"

मी भारा डोक्यावर घेतला. रायफल तिनं घेतली, खांद्याला अडकवली आणि माझ्यापुढं चालायला लागली.

"लई हलकी केलीस रं," ती म्हणाली. वाढ्याच्या पानांनी डोळे झाकले होते, तेच बरं होतं.

अंगणात रत्नानं आईच्या खांद्यावरनं रायफल घेतली. नव्या दस्त्यावर चार पांढरे ओरखडे उठले होते. तिनं त्यांवरनं बोट फिरवलं, मग माझ्या गळ्यातल्या खिळ्यांकडं बघितलं.

"कुनावर धरली व्हती?" तिनं हळू आवाजात विचारलं.

मी गोठ्याकडं बघितलं. आई गाईपुढं वाढं टाकत होती, शाल अजून अंगावरच होती.