एका पायरीची व्युत्पत्ती

आबांनी बिजागरीत तेलाचा थेंब सोडला आणि लोखंडी पायरी अलगद खाली पाडली. बसच्या दाराखाली दुमडून बसणारी, चढणाऱ्याच्या पायाशी उघडणारी ही पायरी. साऱ्या मार्गांवर तिचं नाव, ती बनवणाऱ्यावरून, ‘आबा’च पडलं होतं. वाहतूक-शब्दकोशासाठी त्या शब्दाची नोंद करायला आलेला तरुण संपादक आबांनी घरी जपलेला तो पहिला नमुना डोळे भरून पाहत होता.

“‘आबा पाड रे!’ म्हणून दिवसातून शंभरदा ओरडतात,” आगारातून निवृत्त झालेले आबा हसले. “एवढ्या वेळा पाडूनही मी आपला ठणठणीत!”

“अर्थ लिहून झाला, आबा. व्युत्पत्ती तेवढी राहिली. ही सुचली कशी?”

आबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हिचे गुडघे गेले होते. बसमध्ये चढताना कुणी हात दिलेला हिला खपायचा नाही. मग माहेरी जाणंच सोडलं. विचारलं, तर म्हणे कंटाळा येतो. हिला किती उंची झेपते ते कळावं म्हणून मी न्हाणीघराच्या दाराशी रोज एक पातळ फळी वाढवत गेलो. ज्या दिवशी ही कुरकुरली, त्या दिवशी एक फळी काढली आणि उंची मोजली. नऊ इंच.”

“म्हणजे काकूंसाठी...”

“हळू! एकाच बसला लावली असती तर हिला कळलं असतं. म्हणून साहेबांच्या मागे लागून आगाराच्या साठही बसना लावली. हे मात्र लिहू नका. हिला वाटतं, आगाराच्या कामासाठीच केली.”

संपादकाची लेखणी कागदाला न टेकताच थबकली. साठ बस! एका माणसाचा मान राखायला.

काकू बहिणीकडे निघाल्या होत्या. त्या आणि परत निघालेला संपादक एकाच बसला आले. कंडक्टरने पायरी पाडली. काकू कुणाचाही हात न घेता ताठ चढल्या आणि खिडकीशी बसल्या.

“यांनी सांगितलं असेल ना सगळं? फळ्यांसकट?”

शेजारी बसलेला संपादक गोरामोरा झाला. “तुम्हाला... ठाऊक आहे?”

“न्हाणीघराचा उंबरा रोज बोटभर उंच होतोय, हे बाईमाणसाला दिसत नाही होय?” त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. “लिहू नका म्हणाले असतील.”

“हो.”

“मग नका लिहू. तीस वर्षं मी काय उगाच गप्प बसले?”