निरोपाआधीचा श्वास

इटलीतल्या पार्मा शहराच्या नाटकगृहात अगदी वरच्या माळ्यावर बसणारी माणसं गाणं आवडलं नाही तर शिट्ट्या मारतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या कधी आपल्यालाही ऐकाव्या लागतील, असं मात्र वाटलं नव्हतं.

माझा आवाज मोठा, खणखणीत. जवळच्या लांगिरानो गावात माझे वडील डुकराच्या मांड्या मिठात मुरवायचं काम करायचे. ते म्हणत, "आमच्या इल्देनं हाक मारली की नदीपलीकडची कुत्री उठतात." एकसष्ट साली, सव्विसाव्या वर्षी, मला ऑपेरात आईची भूमिका मिळाली. तिसऱ्या अंकात मुलगा सैन्यात निघतो आणि आई त्याला निरोप देते. लोक येतात ते त्या एका गाण्यासाठी.

मी एक सूरही चुकवला नाही. शेवटचा वरचा सूर तर इतका ताणला की वाद्यवृंदाचा संचालक हात वर धरून ताटकळला. सूर संपला आणि वरून शिट्टी आली. मग आणखी दोन. मग कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाई, पोरगा केव्हाच गेला! आता काय झुंबराला निरोप देताय?"

सगळं नाटकगृह हसलं.

तो एर्मेस न्हावी, असं मला कपडेपटातल्या बाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या दुकानात शिरले. तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

"कुठला सूर चुकला, ते सांगा," मी म्हणाले.

"एकही नाही. चुकला असता तर दया तरी आली असती." त्यानं वस्तरा पुसला. "पण शिट्टी तेवढी माझी हं. मत बायकोचं."

"मग त्यांना बोलवा."

"बोलावून ऐकू येणार नाही. बहिरी आहे ती."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ते खरं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या तापात दिर्चेचे कान गेले होते. सगळे ऑपेरे तिला तोंडपाठ, म्हणून ती अजूनही नवऱ्याबरोबर माळ्यावर येऊन बसायची आणि नुसती बघायची.

एर्मेस मला वर घरी घेऊन निघाला. गिऱ्हाईक ओरडलं, "अरे, माझी अर्धी दाढी!"

"तुझं काय आज लग्न आहे? बस जरा."

दिर्चे स्वयंपाकघरात आनोलिनीच्या छोट्या, करंजीसारख्या पाऱ्यांत सारण भरत होती. नवऱ्याच्या ओठांवरून तिनं सगळं ओळखलं. "गा," ती म्हणाली आणि पिठाचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला. दुसऱ्याच ओळीला तिनं मला थांबवलं.

"तू आधी श्वास घेतेस आणि पोराकडे मग बघतेस. आधी बघ. बघून जेवढा श्वास येईल, तेवढ्यातच गा."

"पण तेवढा श्वास शेवटच्या सुराला पुरणार नाही!"

ती हसली. "मग नाही पुरला तरी चालेल. निरोप देताना कुणाचा पुरतो?"

चार दिवस रोज सकाळी मी तिच्याकडे गेले. तिसऱ्या दिवशी चिडून रडलेसुद्धा. कसं वाटायला हवं तेच कळत नाही, म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "माझा मुलगा तोरिनोला कारखान्यात आहे. निघताना मी त्याच्या हातात डबा देते आणि सांगते, डबा परत आण. बस. रडायला पुढे अख्खा आठवडा असतो."

रविवारी दुपारी दुसरा आणि शेवटचा प्रयोग होता. मुलाचं काम करणारा गायक माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, ढेरी सुटलेला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याची कॉलर दुमडली होती. ती सरळ केली, आणि श्वास आपसूक आला, अगदी थोडासा. मी हळू गायले. शेवटचा सूर बारीक होत मध्येच तुटला. संचालकाला ते कळलं. त्यानं वाद्यं तिथंच थांबवली.

मी शिट्टीची वाट बघत उभी होते. टाळ्या सुरू झाल्या त्या माळ्यावरून, आणि मग त्या थांबेचनात.

नंतर एर्मेस आणि दिर्चे दोघं माझ्या रंगपटातल्या खोलीत आली. मी दिर्चेचे हात धरले, पण तोंडातून शब्द फुटेना.

"बोल की, पोरी. तू बोलली नाहीस तर मी वाचू काय?"

"तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणाले.

"उपकार कसले? नऊ वर्षं मी घरी जाताना यांना विचारत आले, कसं झालं गाणं? आज विचारावं लागणार नाही."

एर्मेस दुसरीकडे बघत डोळे पुसत होता.

पुढं मी एकतीस वर्षं गायले, मोठमोठ्या शहरांत, नामांकित संचालकांच्या हाताखाली. आता मुलींना शिकवते. तुमचे गुरू कोण, असं त्या विचारतात तेव्हा मी संगीतशाळेतल्या तीन प्राध्यापकांची नावं आदरानं सांगते. पण त्यांच्याही आधी सांगते ते दिर्चेचं.