विजयमालेची जट

साळूबाईचा स्वभाव असा, की बाजारात टोपलीतली वरची वांगी ती बघायचीच नाही, तळातली उपसून काढायची. देवाच्या प्रसादाचा नारळसुद्धा कानाशी हलवून घ्यायची. अशा बाईची सून श्रावणात छावणीतून घरी आली ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून, आणि आठ दिवस झाले तरी पदर काही हलेना.

पासष्ट साल होतं. साळूबाईचा एकुलता लेक सयाजी हवालदार. त्याची पलटण सरहद्दीकडं हलली, म्हणून विजयमाला गावी, उंब्रजजवळच्या घरी आली होती. जाताना बाईचे केस कमरेखाली लोळत होते. आता ती सगळ्यांच्या आधी उठून न्हायची, आणि तेल लावू का म्हटलं की "नगं आत्याबाई, डोस्कं ठणकतंय" म्हणून सटकायची.

साळूबाईनं एकेक संशय पाखडून बघितला. उवा म्हणाव्यात तर पोरगी खाजवत नव्हती. सयाजीचं काही बरंवाईट? पण सुनेच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं आणि लेकाचं कार्ड आठवड्यापूर्वीच आलं होतं. मग झाकतेय काय ही?

उलगडा केला शेजारच्या चंद्राबाईनं. विहिरीवर घागर उचलताना विजयमालेचा पदर घसरला, आणि चंद्राबाईला दिसला केसांचा तांबूस, गुंतून घट्ट झालेला गोळा. तिनं घागर तिथंच ठेवली आणि हात जोडले. "जट! आगं, यल्लम्मा आली हिच्या आंगात!"

दुपारपर्यंत आळीतल्या बाया हळदकुंकू घेऊन दारात. केस आपोआप गुंतून जट झाली, की ते देवीचं बोलावणं. त्याला फणी लावायची नाही, तेल लावायचं नाही, आणि लोखंड तर मुळीच नाही. जट कापली की नवऱ्याच्या जिवावर बेतलंच. जट आलेल्या बाईनं संसार सोडायचा, सौंदत्तीला जाऊन देवीची व्हायचं आणि परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. चंद्राबाईनं तर मंगळवारी निघायचंही ठरवून टाकलं.

विजयमाला मान खाली घालून पाया पडून घेत होती. हो नाही, नाही नाही. इथंच साळूबाईला खटकलं. जट आलेली बाई भेदरते, रडते. ही तर चोरी पकडल्यासारखी बसली होती.

बाया गेल्यावर साळूबाईनं दाराला कडी घातली, सुनेला झरोक्याखाली बसवलं आणि पदर ओढला. तिची थोरली बहीण पारू बारा वर्षांची असताना जट आली म्हणून देवीला सोडली होती. पारूची जट साळूबाईच्या बोटांना अजून आठवत होती, टाळूपासूनच वळलेली. हिच्या टाळूशी मात्र अर्धं पेर काळेभोर मोकळे केस होते. पुढं सगळं मक्याच्या वाळल्या शेंडीसारखं, ओढलं की तुटणारं.

"देवी केस रंगवत न्हाई. खरं काय ते बोल."

विजयमालेला हुंदका फुटला. "छावणीत बायकांच्या केसांचं दुकान हाय. सुभेदारीणबाई म्हनल्या, चल, मडमेवानी सोनेरी करून घिऊ. हे कवाच सरहद्दीला गेलते. त्या पोरीनं आवशिद थापलं. लय आग व्हाय लागली, तर म्हनती, बस आजून. धुताना केस हातात आलं. लाजंनं तसंच गुंडाळून ठिवलं, ते गुंतलं."

"आन आज गप का बसलीस?"

"हसतील त्यापरीस पाया पडत्यात ते बरं वाटलं."

"बरं?" साळूबाई कडाडली. "माझी पारू परडी घिऊन दारोदार फिरली. एका दारात मेली, तवा आमास्नी तिसऱ्या दिशी कळलं. आन तुला बरं वाटतंय!" राग आला होता, पण त्याहून जास्त कीव आली होती. तिनं सुनेचं डोकं पोटाशी धरलं.

मंगळवारी बाया जमल्या तेव्हा साळूबाई घोंगडीच्या दशा कापायची कातर घेऊन ओट्यावर बसली होती, सून पुढ्यात.

"लोखंड लावू नगंस!" चंद्राबाई ओरडली. "सयाजी तिकडं गोळ्यांम्होरं हाय!"

साळूबाईचा हात थांबला. मग तिनं सुनेची टाळू सगळ्यांना दाखवली. "बघा, मूळ काळं हाय. ही जट देवीची न्हाई, दुकानातली हाय." आणि कचाकच कातर चालवली.

"पोराचं काय झालं तर आमच्या दारात रडाय येऊ नगंस," म्हणून चंद्राबाई निघून गेली. आळीनं बोलणं टाकलं.

त्यानंतर सासूचा एकच उद्योग. माक्याचा रस घालून उकळलेलं खोबरेल, कोरफडीचा गर, शिकेकाई. रोज बोट लावून केस मोजायचे. लढाई पेटली, थांबली, तरी कार्ड नाही. टपालवाला दिसला की साळूबाई आत जाऊन देव्हाऱ्यापुढं उभी राहायची. दसऱ्याला कार्ड आलं. तरी तिनं अक्षर सयाजीचंच आहे का, म्हणून सुनेला तीनदा विचारलं.

माघात सयाजी स्वतःच आला, धडधाकट. बायकोचे चार बोटांचे केस बघून खो खो हसला. "आये, ह्यो रिक्रूट कवा भरती केलास?"

तो जेवून लवंडल्यावर साळूबाईनं देव्हाऱ्यामागून एक गाठोडं काढलं. आत ती कापलेली जट होती. वर हळदकुंकू, थरावर थर, आणि सकाळचं ताजं फूल.

विजयमाला बघतच राहिली. "आत्याबाई, मूळ काळं हाय म्हनून तुमीच दावलंत की सगळ्यास्नी!"

"दावलं. पन ल्योक माझा एकच हाय." साळूबाईनं गाठोडं तिच्या हातात दिलं. "ही नदीला सोडून ये. आन येताना चंद्राबाईच्या दारावरनं ये. डोईवरचा पदर खांद्यावर घिऊन."