पन्नासच यायला हवं

"सोनवणे मॅडमना ध्रुव सापडत नाही," असं बन्सीलाल सरांनी खगोल मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं आणि सगळे हसले.

इंदिरा सोनवणे तिथेच बसलेली होती, मांडीवर निगेटिव्हचं पाकीट धरून. धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात ती बारा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती आणि बन्सीलाल सर तिचे विभागप्रमुख होते. ध्रुव तिला आठवीत असतानाच सापडला होता, पिंपळनेरच्या घरी धाब्याच्या मातीच्या छतावर झोपताना. पण हे बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं, आणि हसू थांबेपर्यंत विषय पुढे गेलाही होता.

प्रकरण असं होतं. सत्त्याण्णव सालच्या मार्चअखेरीस हेल-बॉप धूमकेतू रोज संध्याकाळी वायव्येला दिसत होता, नुसत्या डोळ्यांनी, शेपटीसकट. रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत होते. धुळ्याच्या मंडळाला त्याचा फोटो हवा होता. असा फोटो काढायचा तर कॅमेरा दहा मिनिटं उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आकाश फिरतं. म्हणून दुर्बीण आणि तिच्यावर बांधलेला कॅमेरा आकाशाच्याच वेगाने फिरवणारं माउंट लागतं. परदेशी माउंटची किंमत ऐकून मंडळाचे अध्यक्ष लीलाधर नाना, कापसाचे जिनिंगवाले, यांनी आधी पाणी मागितलं होतं. मग जळगावच्या जीवराम मिस्त्रीने स्वस्तात एक बनवून दिलं. हा मिस्त्री एरवी विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट दुरुस्त करणारा. लेथवर कापलेले गिअर, लोखंडी तिवई, पंपाचाच हिरवा रंग आणि घरच्या विजेवर चालणारी एक लहान मोटर. आधी वापरून बघा, पसंत पडलं तर ठेवा, असं ठरलं. वापरून बघायचं काम इंदिराकडे आलं, कारण कॉलेजच्या गच्चीवर डास फार होते.

वेळ थोडा होता. पाडवा झाला की संध्याकाळच्या आकाशात चंद्र येणार, रोज मोठा होणार, आणि तो सरेपर्यंत धूमकेतू फिका पडून क्षितिजाला टेकलेला असणार. फोटो मिळायचा तर पाडव्याच्या आत, नाहीतर नाहीच.

धुळ्यात ध्रुव क्षितिजापासून एकवीस अंशांवर असतो. इंदिराने पाणसळ लावून, कोन मोजून माउंटचा अक्ष तिकडे रोखला. पण पहिला रोल धुऊन आला तेव्हा चांदण्या गोल नव्हत्या. तांदळाच्या दाण्यांसारख्या लांबट होत्या, आणि सगळे दाणे एकाच दिशेला, पूर्व-पश्चिम, पडलेले. धूमकेतूचं डोकं म्हणजे ओल्या बोटाने पुसलेला खडूचा ठिपका.

ध्रुव चुकला असता तर चांदण्या उत्तरेला किंवा दक्षिणेलाही घसरल्या असत्या. इथे तसं काही नव्हतं. तिने प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरची फुलीच्या तारांची आयपीस काढून दुर्बिणीला बसवली आणि एक तारा बरोबर फुलीवर धरला. संध्याकाळी तो हळूहळू पश्चिमेकडे निसटायचा. पहाटे पुन्हा जाऊन, अक्षाला हात न लावता, तिने दुसरा तारा धरला. तो जागचा हलला नाही.

हेच तिने बैठकीत सांगितलं होतं. "संध्याकाळी मोटर हळू फिरते. पहाटे बरोबर फिरते."

"मोटर काय रोजंदारीवर आहे, मॅडम? संध्याकाळी थकायला?" सर म्हणाले, आणि मग ते ध्रुवाचं वाक्य.

"पण सर, ध्रुव संध्याकाळी हरवतो आणि पहाटे सापडतो, असं कसं होईल?" हे तिने विचारलंसुद्धा. पण तेवढ्यात चहा आला.

माउंट सरांकडे सोपवायचं ठरलं. "तुम्ही नोंदी घ्या, मॅडम. तुमचं अक्षर छान आहे," नाना म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे तिला जास्त लागलं.

सरांनी घरून फ्रिजचा स्टॅबिलायझर आणला. "व्होल्टेजचा घोळ आहे. मी म्हणतच होतो."

"सर, या मोटरीला व्होल्टेज थोडं कमीजास्त झालेलं चालतं. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो."

"फ्रिक्वेन्सी पन्नास असते, मॅडम. भारतभर पन्नास. बारावीच्या पुस्तकात आहे."

मग सरांनी ध्रुव स्वतःच्या हाताने लावला, आणि फोटोही स्वतःच काढले. रोल धुऊन आला. तेच तांदूळ. जरा जाड, कारण सरांचा फोकसही हलला होता.

इंदिराला वाटलं, आता तरी यांच्या लक्षात येईल. पुढच्या बैठकीत सर म्हणाले, "माउंटच भंगार आहे. परत पाठवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी हसलं नाही. तिच्या हातून चांदण्या लांबल्या तेव्हा तिला ध्रुव सापडत नव्हता. सरांच्या हातून लांबल्या तेव्हा मिस्त्रीला काम येत नव्हतं. दाणे तेच, लांबी तीच. माणूस बदलला म्हणून कारण बदललं! त्या संध्याकाळी तिने भाकरी अशा थापल्या की शेजारच्या केसरबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "मॅडम, कोनले मारी ऱ्हायनात?"

दुसऱ्या दिवशी ती वीज कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला.

"फ्रिक्वेन्सीची तक्रार? आजवर कुणी केली नाही बुवा. घरी दिवे लागतात ना?"

"लागतात."

"पंखा फिरतो?"

"संध्याकाळी हळू फिरतो."

"मग रेग्युलेटर वाढवायचा," साहेब म्हणाले आणि फाइल उघडून बसले.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती मध्येच थांबली. पुरावा तिच्याच प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर पडलेला होता. बी.एस्सी.ची मुलं दर वर्षी सोनोमीटरचा प्रयोग करतात. लाकडी पेटीवर एक तार ताणायची, तिच्यातून वीज सोडायची, मध्ये चुंबक ठेवायचं, तारेवर कागदाचा कपटा बसवायचा. तारेखालचे दोन टेकू पुढेमागे सरकवायचे. तारेची लांबी विजेच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली की तार थरारते आणि कपटा उडून पडतो. ती लांबी मोजली की सूत्रातून फ्रिक्वेन्सी निघते. उत्तर पन्नास यायला हवं हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते पन्नासच येतं. दुपारच्या बॅचच्या मुलांना साडेअठ्ठेचाळीस मिळालं की ती मुकाट्याने लांबी खोडतात आणि पन्नासला जुळेल अशी लिहितात. जी खोडत नाहीत त्यांच्या जर्नलवर सर लाल शाईने 'पुन्हा करा' लिहितात. घराघरांत दिवे आणि शेताशेतांत पंप एकदम लागले की जनित्रांवर भार पडतो, ती मंदावतात. यात पंपांची काय चूक? उन्हाळ्यात केळीला पाणी द्यायचं नाही तर काय करायचं? पण ती तार हे खरं सांगत आली होती, आणि कॉलेज ते खोडत आलं होतं, तेही गुण देऊन.

ती सरळ कामाला लागली. क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं, सेकंदाला बरोबर पन्नास हेलकावे देणारं सर्किट, दोन ट्रान्झिस्टर, उलटा जोडलेला एक ट्रान्सफॉर्मर आणि तिच्या स्वतःच्या स्कूटरची बॅटरी. पहिले दोन ट्रान्झिस्टर जळाले. दुसरी जोडी टिकली. सगळं तिने एका ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलं आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळाला प्रयोगशाळेत बोलावलं. नाना आले, सरही आले. माउंट परत न्यायला जीवराम मिस्त्री दुपारच्या एस.टी.ने जळगावहून येऊन बसलेलाच होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"मॅडम, मना गिअर खोटा नही शे," तो म्हणाला. "बठ्ठं काम मी सोता करेल शे."

"मला माहीत आहे, मिस्त्री."

"मंग परत काबरं करतस?"

"जरा थांबा. बघा."

तिने सोनोमीटरची तार आधी डब्याला जोडली. टेकू सरकवत नेला. एका जागी कपटा उडाला. तिथे पेटीवर खडूने रेघ ओढली. "ही पन्नासची जागा." मग काहीच न बदलता, फक्त पिन भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. त्याच रेघेवर टेकू, तीच तार, तेच वजन. कपटा ढिम्म बसून राहिला. तिने टेकू आणखी पुढे सारला. दीड सेंटिमीटर पुढे जाऊन कपटा उडाला.

"भिंतीतली वीज आत्ता साडेअठ्ठेचाळीसने येते आहे," ती म्हणाली. "मोटर तेवढीच मागे पडते. माउंट बरोबर आहे. ध्रुवही बरोबर होता. माझाही आणि सरांचाही."

नाना खाली वाकून खडूची रेघ बघत होते. "च्यायला," ते म्हणाले, आणि मग "सॉरी, मॅडम."

"वजनं झिजली असतील," सर म्हणाले. "जुनी आहेत. उत्तर पन्नासच यायला हवं."

"डब्यावर लावली की झिजत नाहीत आणि भिंतीवर लावली की झिजतात?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण तो तिचा नेहमीचा आवाजही नव्हता. जीवराम मिस्त्री स्टुलावरून उठून उभा राहिला. बाहेर कुठेतरी पाडव्याच्या साखरेच्या गाठ्या विकणारा ओरडत गेला.

सरांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. मॅडमनी चांगली मदत केली. आता वेळ नको घालवायला. डबा जोडून द्या, आजचा फोटो मी घेतो."

चांगली मदत! इंदिराने प्लगमधली पिन उपटली, डब्याच्या वायरी गुंडाळल्या आणि डबा उचलून काखेत धरला.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मंडळाने माउंट परत केलंय, सर. तुम्हीच ठराव मांडलात. ते आता मिस्त्रींचं आहे. डबा माझा आहे. कॅमेरा माझ्या भावाचा आहे. मिस्त्री, माउंट गच्चीवर नेता येईल?"

"आते लई जास," मिस्त्री म्हणाला, आणि ती लोखंडी तिवई त्याने एकट्याने खांद्यावर घेतली.

"मॅडम, दुर्बीण मंडळाची आहे," सर म्हणाले.

"मंडळाची आहे, आणि मी अध्यक्ष आहे," नाना म्हणाले. त्यांनी दुर्बिणीची नळी स्वतः काखेत मारली. "जिना कुठल्या बाजूला, मॅडम?"

वर अंधार पडत होता. वायव्येला धूमकेतू दिसू लागला होता. इंदिराने घाई केली नाही. पाणसळ लावली, एकवीस अंश मोजले, अक्ष ध्रुवाला लावला, दुर्बीण चढवली, तिच्यावर कॅमेरा बांधला आणि मोटर डब्याला जोडली. एक तारा फुलीवर धरला आणि मिस्त्रीला बोलावलं. तो डोळा लावून बराच वेळ वाकून राहिला.

"हालत नही शे," तो हळूच म्हणाला. "मॅडम, जराबी हालत नही शे."

नानांनीही पाहिलं. मग तिने शटरची तार दाबून ती स्क्रूने अडकवली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सर वर आले आणि सवयीने त्यांचा हात दाराजवळच्या बटणाकडे गेला.

"दिवा लावू नका, सर!"

हात खाली आला. "मनाला एवढं लावून घ्यायचं नसतं, मॅडम. एका विभागातली माणसं आपण."

"लावून घेतलंय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं सोनोमीटरची तार थरारली की राग उतरेल. तो उतरला नव्हता. तो उतरवायची गरज आहे असंही तिला वाटलं नाही.

सर दोन पावलं पुढे आले. "जरा बघू द्या, तारा खरंच थांबलाय का ते."

"आत्ता नाही. धक्का लागेल. शटर उघडं आहे."

"किती वेळ?"

"पूर्ण होईपर्यंत. तिथेच उभे राहा, सर. हलू नका."

बन्सीलाल सर अंधारात, डासांमध्ये, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मोटर बारीक घरघरत होती. धूमकेतू खाली उतरत होता, आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग.